विजयमालाबाईंची दुर्बीण

युरियाच्या रिकाम्या पोत्याला विजयमालाबाईंनी ज्या संध्याकाळी ‘हरणी, ए हरणी’ म्हणून हाका मारल्या, त्याच संध्याकाळी घरात दुर्बिणीचा विषय पहिल्यांदा निघाला. पोतं माळाच्या पार पलीकडच्या कडेला एका बाभळीत अडकलं होतं. पांढरं होतं आणि वाऱ्यानं मान हलवत होतं. हरणीही पांढरीच. गाई गोठ्यात आल्या तेव्हा त्यांच्यात हरणी नव्हती, म्हणून बाई काठी घेऊन दुखऱ्या गुडघ्यानं सगळा माळ तुडवत बाभळीपर्यंत गेल्या. पोत्यानं ओ दिली नाही. परत येऊन बघतात तर हरणी गोठ्यामागं कडब्याच्या गंजीला तोंड लावून उभी, आणि तिच्या शेजारी खाट टाकून त्यांचे यजमान शहाजीराव मोबाईलवर कुणाचं तरी भाषण ऐकत पडलेले.

“अवो, हरणी हितंच हाय की!”

“मग कुटं असणार?” शहाजीराव म्हणाले. “मला वाटलं तू फिरायला गेलीस.”

मंगळवेढ्याच्या बाजूला काळं रान संपून मुरमाड माळ सुरू होतो तिथं त्यांची वस्ती. वस्तीच्या फाटकावर बोर्ड आहे, ‘विजयमाला कॅटल रँच’. बोर्ड त्यांच्या मुलाचा, जोतिरामचा. जोतिराम पुण्याला कंपनीत असतो. लॉकडाऊनमध्ये तो घरी अडकला, तेव्हा परदेशातले व्हिडिओ बघून त्याला गाई, माती आणि आई या तिन्ही गोष्टींबद्दल एकदम प्रेम दाटून आलं. पेंटरनं आधी ‘रांच’ लिहिलं, मग ‘रंच’. शेवटी जोतिरामनं स्वतः शिडीवर चढून ‘रँ’वरचा चंद्र काढला. लॉकडाऊन उठला तसं प्रेमही उठून पुण्याला गेलं. मागं बोर्ड राहिला, खिल्लार गाई राहिल्या आणि त्यांच्यामागं फिरायला विजयमालाबाई राहिल्या.

गाई तशा आधीपासून त्यांच्याच. लग्नात माहेरहून एक कालवड आली होती, तिचाच हा सगळा विस्तार. शहाजीरावांची नोकरी श्रीपूरला साखर कारखान्यात, काट्यावर. जन्मभर त्यांनी उसाच्या गाड्या काट्यावर घेतल्या आणि उतरवल्या. त्यामुळं कुठल्याही गोष्टीचं माप काढलं की आपलं काम संपलं, पुढचं ज्याचं त्यानं बघावं, असं त्यांचं ठाम मत झालं होतं. निवृत्त होऊन वस्तीवर आल्यापासून ते गाईंकडं त्याच नजरेनं बघत.

गणपतीत जोतिराम आला होता. आई ओट्याची पायरी आडवी होऊन चढते हे त्यानं पाहिलं आणि जेवताना म्हणाला, “दिवाळीपर्यंत बघू. आईला झेपत नसलं तर गाई काढून टाकू.” मोबाईल भरला की जुने फोटो काढून टाकतात, त्या सुरात म्हणाला. शहाजीरावांनी मान हलवली. ती होकाराची होती की भाकरीत खडा लागल्याची, हे त्यांनी नेहमीप्रमाणं कळू दिलं नाही.

विजयमालाबाईंनी तेव्हा दोघांना आणखी एकेक भाकरी वाढली. गुडघ्याच्या डॉक्टरनं चालणं कमी करा म्हणून सांगितलं होतं, आणि न चालता माळावरच्या गाई सांभाळायच्या कशा हे सांगितलं नव्हतं. पोत्याला हाका मारून आल्यावर मात्र त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि एका दमात सांगितलं, “मला लांबचं दिसायचं कायतरी आणा. दुर्बीण आणा. टेकाडावर बसून बघीन. कोण कुठं हाय, कोण लंगडतीया, कोण रवंथ करत न्हाय. उठायचं ते कामापुरतंच उठीन. दिवाळीला जोत्या आला की त्याला गाई गोठ्यात दिसल्या पायजेत, बास.”

शहाजीराव खाटेवर उठून बसले. निवृत्तीनंतर इतकं तपशीलवार काम त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. दुर्बीण घ्यायची म्हणजे आधी दुर्बिणीची माहिती काढणं आलं. आणि माहिती काढायची म्हणजे हॉटेलात बसणं आलं.

फाट्यावरच्या हॉटेलात त्यांना हरिबा भेटले. हरिबा फौजेतून निवृत्त झालेले. फौजेत ते कँटीनला होते, पण गावात आल्यापासून सीमेवर होते.

“दुर्बीण घ्यायची तर मिलिटरीची घ्या,” हरिबा म्हणाले. “पलीकडच्या माणसाची मिशी मोजता आली पायजे.”

“गाई बघायच्यात, हरिबा.”

“मग काय झालं? गाय तर माणसापरीस मोठी असतीया. दिसणारच की.”

या युक्तिवादावर शहाजीरावांनी आणखी एक चहा सांगितला. पुढं बरेच दिवस ते आणि हरिबा रोज सकाळी दुर्बिणीचे व्हिडिओ बघत होते. एका व्हिडिओत बर्फात हरणं दिसत होती, एकात समुद्रावरचं जहाज, एकात चंद्रावरचे खड्डे. मुरमाड माळावर दुपारच्या उन्हात उभी असलेली खिल्लार गाय कुठल्याच व्हिडिओत नव्हती. पण दोघांचं एकमत झालं, की ज्यातून चंद्र दिसतो त्यातून गाय न दिसायला काय झालं. दुर्बीण ज्यांना वापरायची होती त्या या काळात रोज सकाळ-संध्याकाळ माळावर चालत होत्या. त्यांना काय पाहिजे हे विचारण्यासाठी त्या घरी सापडतच नव्हत्या.

ऑनलाइन मागवलेली दुर्बीण आली. खोक्यावर इतके मोठे आकडे होते, की त्या हिशेबानं मंगळवेढ्यात बसून विजापूरच्या घुमटातली माणसं ओळखू यावीत. शहाजीरावांनी ती गळ्यात अडकवली आणि त्यांची मान लगेच नम्र झाली. विजयमालाबाईंनी ती डोळ्याला लावली. आधी आभाळ आलं, मग एकदम एक शिंग आलं, मग पुन्हा आभाळ. हाताचा थोडा कंप झाला की त्यातली गाय भूकंप झाल्यासारखी वरखाली व्हायची. कुठली गाय ते कळेपर्यंत ती त्या गोल चकतीतून निघून जायची आणि तिच्या जागी बाभळीचा काटा यायचा. काटा मात्र फार स्पष्ट दिसायचा.

“लई जवळ येतंय,” त्या म्हणाल्या. “इतकं जवळ, की ओळखूच येत न्हाय.”

“हात हलतोय तुझा,” शहाजीराव म्हणाले.

“मग कुणाचा हलवू?”

हरिबांनी तिपाईचा तोडगा काढला. तिपाई आली. ती मुरमात रोवून, तिचे स्क्रू पिळून, दुर्बीण तिच्यावर बसवून, गाईवर रोखून होईपर्यंत गाय शेजाऱ्याच्या ज्वारीत शिरलेली असे. ज्वारीचा मालक ओरडत आला, की दुर्बीण न लावताही ऐकू येत असे. चार दिवसांनी शहाजीरावांनी ती दुर्बीण तिपाईसकट हरिबांना वापरायला दिली. हरिबांनी ती माडीवर ठेवली. तिथून त्यांना चंद्र दिसतो म्हणतात.

“आता मी येणार दुकानात,” विजयमालाबाईंनी सांगितलं. “सोलापूरला जाऊ. बघून, धरून घीन.”

सोलापूरला जायच्या आदल्या दिवशी शहाजीरावांनी कुंभारीला आपल्या धाकट्या बहिणीला, केराबाईला, फोन केला. सोलापूरला येऊनही कुंभारीला भेटायला येणं जमणार नाही एवढंच कळवायचं होतं. रेंज तुटत होती. शहाजीराव ओट्यावरून गोठ्याकडं आणि गोठ्यावरून ओट्याकडं जात मोठ्यानं बोलत होते, “अगं, तुझ्या वैनीच्या गुडघ्यापायी दुर्बिणीचं बघायचं चाललंय. व्हय, दुर्बीण. उद्या मंगळवारी सोलापूरला. हितली जमली न्हाय. एक करून बघितली, लई तरास झाला तिला. आता सोलापूरलाच.” एवढं झाल्यावर रेंज गेली.

आपल्याकडं दुर्बिणीचा उपयोग लांबचं बघायला क्वचितच होतो. ती माणसाच्या पोटात घालतात, मुतखड्यावर चालवतात, आणि अलीकडं गुडघ्यातही घालतात. कुंभारीत तर गल्लीतल्या निम्म्या बायकांची दुर्बीण झालेली होती. तेव्हा केराबाईंना जे कळायचं ते कळलं. वहिनीच्या गुडघ्यावर इथं एकदा दुर्बीण केली, ती फसली, आता सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात पुन्हा करणार. त्यांनी डोळे पुसले आणि फोन लावायला घेतले. पहिला पुण्याला जोतिरामला. “तिला फोन करू नगंस,” असंही त्यांनी भाच्याला बजावलं. “तिला घोर लागंल. आधीच एक फसलीया.”

इकडं सोलापूरला नव्या पेठेत गुरुशांतच्या चष्म्याच्या दुकानात विजयमालाबाई आणि शहाजीराव काचेच्या कपाटासमोर बसले होते. गुरुशांत चाळिशीचा, कपाळावर विभूतीचा पट्टा, एका गिऱ्हाईकाशी मराठीत, दुसऱ्याशी कानडीत आणि घरच्या फोनवर दोन्हीत बोलणारा. चष्म्यांबरोबर तो थोड्या दुर्बिणीही ठेवत असे. त्या बहुतेक माळढोक पक्षी बघायला येणारे लोक नेत. माळढोक दिसत नाही ही वेगळी गोष्ट, पण दुर्बिणी खपत.

“कोण वापरणार, काका?”

“आमीच,” शहाजीराव म्हणाले.

“कशासाठी?”

“रँचसाठी,” शहाजीराव म्हणाले.

“चष्मा आहे का वापरणाऱ्याला?”

“मला हाय. हिलाबी हाय, पण ही लावत न्हाय.”

गुरुशांतनं मग पहिल्यांदा बाईंकडं पाहिलं. “मावशी, वापरणार तुम्ही ना?”

“व्हय. माळावरच्या गाई बघायच्यात मला. ह्यांना आमच्यात ‘आमीच’ म्हणत्यात.”

गुरुशांतनं तीन दुर्बिणी काढून कपाटावर ठेवल्या. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसते, दुसरा म्हणजे पुढच्या काचेची रुंदी, ती जेवढी जास्त तेवढा उजेड जास्त, असं त्यानं सांगितलं. शहाजीरावांनी लगेच बारापटवाली उचलली, कारण तीत आकडा मोठा होता. गुरुशांत म्हणाला, बारापटीत हातही बारापट हलतो. हे शहाजीरावांना व्यक्तिगत वाटलं.

विजयमालाबाईंना सगळ्यात लहान दुर्बीण आवडली. मुठीत मावत होती, एका हातानं धरता येत होती, आणि दुसऱ्या हाताला काठी लागतेच. त्या दुकानाबाहेर फुटपाथवर जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्याच्या टोकाला दुभाजकाशी एक वळू बसला होता. रिक्षा, मोटारी, सिटी बस सगळे त्याला वळसा घालून जात होते. बाईंनी दुर्बीण लावली. चष्मा कमरेच्या पिशवीत होता, तरी चाक फिरवल्यावर वळू लख्ख झाला.

“रवंथ करतोय,” त्यांनी जाहीर केलं. “डाव्या बाजूनं चावतोय. उजव्या दाढंला कायतरी झालंय त्याच्या. हीच द्या.”

“थांबा मावशी,” गुरुशांत म्हणाला. “तुमच्या गाई परत कधी येतात?”

“दिवस बुडताना.”

त्यानं त्यांना दुकानामागच्या अंधाऱ्या गोदामाच्या दारात नेलं आणि आतल्या खोक्यांवरची अक्षरं बघायला सांगितली. लहान दुर्बिणीत नुसता काळोख गोल होऊन दिसला. मग त्यानं मधली दिली. लहानीसारखी आठपटच, पण पुढच्या काचा रुंद. त्यात खोकी वेगळी झाली, त्यांच्यावरच्या दोऱ्याही दिसल्या. बाईंचा चेहरा पडला. मधली जड होती. त्यांनी ती एका हातात धरून खालीवर केली, कोपर बरगडीला टेकवून बघितलं, पुन्हा फुटपाथवर जाऊन वळू बघितला, पुन्हा गोदामात आल्या. वळूनं तेवढ्यात कूस बदलली होती.

“बरोबर हाय तुमचं,” त्या शेवटी गुरुशांतला म्हणाल्या. “मला दुपारची आवडली होती. कामाची संध्याकाळची हाय.”

“आणि चष्मा लावलात तर हे रबर असं मागं दुमडायचं. लावाच चष्मा. दुर्बीण काढली की पायाखालचं बघायलाही डोळे लागतात.”

“ते मी सांगून दमलो,” शहाजीराव म्हणाले.

“तुमी मला कवा सांगितलं?”

“मनात.”

दुर्बीण घरी आली. तिचा रंग काळपट हिरवा, माळावर पडली तर सापडायची नाही, म्हणून बाईंनी तिच्या पट्ट्याला बेंदराच्या सणाला बैलांना बांधायचा एक लाल गोंडा बांधला. दुसऱ्या दिवसापासून त्या टेकाडावर एका सपाट दगडावर, चष्मा लावून, पोतं टाकून बसू लागल्या. सकाळी गाई सोडायच्या, बसायचं, बघायचं. एखादी ज्वारीकडं वळली की तिचं नाव घेऊन ओरडायचं. गाई नावाला ओ देत, विशेषतः त्याला शिवी जोडून आली तर. गुडघा दुखत होताच, पण संध्याकाळी त्याच्यावर सूज दिसेना.

दुर्बिणीचे तोटे शहाजीरावांना पहिल्याच दिवशी कळले. मोटर चालू करायला जातो म्हणून गेलेला माणूस विहिरीच्या कठड्याला टेकून झोपलेला आठपट जवळून दिसतो. फाट्यावरून पायी आलो म्हणणारा माणूस हरिबांच्या गाडीवरून उतरताना दिसतो. “भज्याचं तेल मिशीला लागलंय, पुसून या,” असा फोन त्यांना फाटकाबाहेरच आला, तेव्हा त्यांनी टेकाडाकडं ज्या नजरेनं पाहिलं, तीही बाईंना नीट दिसली.

मिशी पुसून झाली त्याच दिवशी केराबाई आल्या. कुंभारीहून सोलापूर, सोलापूरहून एसटीनं मंगळवेढा, तिथून वडापच्या जीपनं फाटा. एका हातात फळांची पिशवी आणि डोक्यावर, सासूच्या आजारपणात घेतलेली, मध्ये भोक असलेली खुर्ची. ती घेऊन त्या सगळ्या प्रवासात उभ्या राहिल्या होत्या, कारण तिच्यावर बसायची लाज वाटत होती.

“वैनी! उठलीस कशाला? आडवी हो!”

“वन्सं, काय झालं?”

“मला काय झालं? दुर्बीण तुझी झालीया! टाके किती पडले?”

विजयमालाबाईंनी गळ्यातली दुर्बीण काढून त्यांच्या हातात दिली. केराबाईंनी ती उलटसुलट करून बघितली. ती गुडघ्यात कशी गेली असेल, हा विचार त्यांच्या चेहऱ्यावर काही क्षण स्पष्ट होता. मग उलगडा झाला. कुणी हसलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं, पण शहाजीरावांनी विचारलं, “मग ही खुर्ची कुणासाठी?”

केराबाई दुपारच्या गाडीनं परत गेल्या. खुर्ची घेऊन गेल्या. गुडघ्याची बातमी त्यांनी उत्साहानं गावोगाव फोनवरून दिली होती. दुरुस्ती त्यांनी कुणालाच कळवली नाही. बातमी पहिल्या पानावर जाते आणि दुरुस्ती छापायला कुणाला जागा सापडत नाही, हा नियम काही नुसत्या वर्तमानपत्रांचाच नाही. भाच्याला फोन करून आपण खुळ्यासारखं बोललो हे सांगायचं, हे तर केराबाईंच्या स्वभावात बसणारं नव्हतंच.

त्यानंतरच्या आठवड्यात एका सकाळी विजयमालाबाई टेकाडावरून गाई बघत होत्या. सगळ्या चरत होत्या. हरणी आडवी पडून रवंथ करत होती. बाईंनी दुर्बीण सहज वस्तीकडं फिरवली. फाटकाशी एक पिकअप उभी होती, मागं फळ्यांचा पिंजरा असलेली, जनावरं न्यायची. लिंबाखाली शहाजीराव उभे होते आणि त्यांच्यासमोर पांढरं धोतर, पांढरा सदरा घातलेला एक जाडजूड माणूस. दोघं एकमेकांकडं न बघता तिसरीकडंच बघत होते. दोघांच्या मध्ये हवेत एक टॉवेल पसरलेला होता, आणि दोघांचेही उजवे हात त्या टॉवेलाखाली होते.

 काय चाललंय हे कळायला बाईंना बाजारात न्यायची गरज नव्हती. जनावरांच्या व्यवहारात भाव तोंडानं सांगत नाहीत. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून सांगतात, म्हणजे शेजारी उभ्या असलेल्याला कळत नाही. टॉवेल पडला की बोलणी चालू, हात बाहेर आले की व्यवहार ठरला किंवा मोडला. शहाजीरावांचा हात अजून आत होता.

खाली पोचायला त्यांना जेवढा वेळ लागला असता तेवढ्यात माहेरची सगळी कालवडवेल पिंजऱ्यात चढली असती. त्यांनी डाव्या हातानं दुर्बीण तशीच धरून उजव्या हातानं फोन लावला. शहाजीराव दचकले. मोबाईल उजव्या खिशात होता. तो त्यांनी डाव्या हातानं, पोटाला पीळ देऊन काढला.

“हॅलो.”

“काय करताय?”

“काय न्हाय. वासराला पाणी पाजतोय.”

“कुठल्या हातानं?”

शहाजीरावांनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग वासराकडं, मग टेकाडाकडं पाठ केली. पाठ करताना हात टॉवेलात राहिल्यामुळं त्यांचा दोर वळल्यासारखा आकार झाला.

“उजवा हात कुटं हाय तुमचा?”

“खिशात.”

“खिसा टॉवेलाखाली कवापासनं जातोय? भाइर काढा हात.”

“अगं, नुस्ता भाव बघतोय. माहिती असावी म्हणून.”

“हात काढा!” हे त्यांनी फोनवर सांगितलं नाही. टेकाडावरून सरळ ओरडल्या. माळावरच्या गाईंनी माना वर केल्या. शहाजीरावांचा हात बाहेर आला.

त्या खाली येईपर्यंत पाहुणा थांबला. त्याचं नाव सिद्धप्पा, अक्कलकोटकडचा जनावरांचा व्यापारी. माणूस सभ्य होता. बाईंना चालत येताना बघून त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला आणि चकित होऊन विचारलं, “अव्वा, तुमी चालताव?”

मग जे उलगडलं ते असं. त्याला जोतिरामनं पुण्याहून फोन केला होता. आईची दुर्बीण झाली, आता गाई बघणं तिला जमणार नाही, तिला न सांगता जाऊन व्यवहार करा, आण्णांना मी समजावतो. जोतिराम वडिलांना समजावायच्या आत सिद्धप्पा पोचला होता.

“मी मालकास्नी इचारलो,” सिद्धप्पा सांगू लागला, “बाईंची दुर्बीण झाली म्हनं? म्हनाले, झाली की. मी इचारलो, कुटं? म्हनाले, सोलापूरला, लई भारी झाली. तरास? म्हनाले, पयल्यांदा डोळं दुखलं, आता दिवसभर करत बसती. मी म्हनलो, गुडघ्याची केल्यावर डोळं कशाला दुखतील? पन मोट्या दवाखान्याचं आपल्याला काय कळतंय.”

“मला वाटलं ह्यांना दुर्बीण घ्यायचीया,” शहाजीराव म्हणाले.

“आनि हात टॉवेलाखाली कशाला घातला मग?” बाईंनी विचारलं.

यावर शहाजीरावांकडं खरं उत्तर होतं आणि ते त्यांनी दिलंही. “त्यांनी टॉवेल पुढं केला. न्हाय म्हणायचं कसं?”

जोतिरामला फोन लावला, स्पीकरवर. आईचा आवाज ऐकून तो आधी घाबरला, मग त्याला सगळं कळलं, मग तो खूप हसला. हसून झाल्यावर म्हणाला, “पण आई, गुडघा तर दुखतोच ना? आज ना उद्या काढायच्याच आहेत. व्यापारी आलाच आहे तर...”

 ऑपरेशनचा गोंधळ मिटला, पण गाईंचा प्रश्न होता तिथंच उभा होता, आता पिंजऱ्यासकट दारात. सिद्धप्पानंही पिकअपच्या भाड्याचं हळूच काढलं. शहाजीराव तिघांपैकी कुणाच्याच बाजूनं न दिसतील अशा बेतानं लिंबाच्या बुंध्याला टेकले. ‘आलाच आहे तर’ या तीन शब्दांत माहेरची कालवड, तिच्या लेकी, नाती सगळ्या निघाल्या होत्या.

“टाका टॉवेल,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे?” शहाजीराव म्हणाले. “बायका टॉवेलाखाली हात घालत न्हाईत.”

का घालत नाहीत हे तिथं कुणालाच माहीत नव्हतं. घालत नाहीत एवढंच माहीत होतं. सिद्धप्पा ओशाळला, इकडंतिकडं बघितलं, आणि शेवटी ‘तुमी आईसारख्या’ असं काहीतरी पुटपुटत त्यानं टॉवेल पुढं केला. विजयमालाबाईंनी हात आत घातला.

आत गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की कुठलं बोट धरलं म्हणजे किती, हे आपल्याला ठाऊकच नाही. ते त्यांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं. त्या हाताला एकच काम येत होतं. लग्न होऊन आल्यापासून रोज सकाळ-संध्याकाळ त्यानं धार काढली होती. समोर बोटं आली. त्यांनी ती धरली आणि कडक सडाच्या गाईला धरतात तशी, वरून खाली, पिळली. मग पुन्हा. मग दुसऱ्या दोन बोटांवर. त्या पिळत गेल्या आणि सिद्धप्पा मनात भाव लावत गेला. पहिल्यांदा त्यानं भुवया उंचावल्या. मग त्याच्या कपाळावर घाम आला. मग त्यानं बाईंच्या तोंडाकडं पाहिलं. तिथं बेपर्वाईशिवाय काही नव्हतं, कारण धार काढताना त्यांचा चेहरा नेहमी तसाच असे.

“ब्याड, ब्याड!” तव्याला हात लागल्यासारखा त्यानं हात ओढून घेतला. “नको अव्वा! ह्या भावात दोन ट्रॅक्टर येतील की!”

त्यानं टॉवेल झटकला, बोटं चोळली, चहा घेतला आणि रिकामी पिकअप घेऊन गेला. जाताना शहाजीरावांना बाजूला घेऊन म्हणाला, “मालक, तुमी लई स्वस्तात चालला होतात.”

“किती सांगितलंस गं?” पिकअप वळायच्या आत शहाजीरावांनी विचारलं.

“टॉवेलाखालचं भाइर सांगत न्हाईत.”

“आई, किती?” स्पीकर चालूच होता. “हॅलो? आण्णा, किती म्हणाली ती?”

तो आकडा जगात कुणालाच माहीत नव्हता, सांगणारीलाही नाही. त्यामुळं तो कितीही असू शकत होता, आणि तसा तो झाला. शहाजीरावांनी त्याच दिवशी हॉटेलात हरिबांना सांगितलं, की अक्कलकोटचा व्यापारी आमच्या गाईंचा भाव ऐकून पळाला. हरिबांनी तो आकडा अंदाजानं काढला, फौजेच्या सवयीनं मोठाच काढला. मंगळवेढ्याच्या बाजारात पोचेपर्यंत त्याला आणखी शून्यं लागली. वस्तीवर दोन माणसं नुसती गाई बघायला येऊन गेली. त्यांनी गाई पूर्वीच पाहिलेल्या होत्या, पण या भावाच्या पाहिल्या नव्हत्या.

दिवाळीच्या आधी जोतिरामचा फोन आला. आवाजात मऊपणा होता, तोच तो, लॉकडाऊनमधला.

“आई, मी काय म्हणतो, आत्ता घाई नको करायला. खिल्लारचा भाव चढतोय म्हणतात. ठेवूया.”

“बरं,” विजयमालाबाई म्हणाल्या. गुडघ्याबद्दल तो काही विचारील म्हणून त्या थोड्या थांबल्या. मग फोन शहाजीरावांच्या हातात देऊन धार काढायला गेल्या.